बशा झेलणारा आचारी

१

भीमाप्पाचा एक नियम होता. दुरुस्त केलेलं घड्याळ त्याच्या घरात एक दिवस चालल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पडायचं नाही, मग गिऱ्हाईक तालुक्याचा साहेब असो नाहीतर साक्षात सासरा. सासऱ्याच्या बाबतीत तर खरंच तसं घडलं होतं. मेहुणीच्या लग्नात म्हातारा रिकाम्या मनगटानं मांडवभर फिरला आणि पुढं वर्षभर जावयाशी बोलला नाही.

निपाणीच्या स्टँडमागच्या गल्लीत पुढं दुकान, मधे पडदा आणि पडद्यामागं एकच लांबट खोली, एवढाच त्याचा संसार. खोलीत डाव्या हाताला स्टोव्ह, समोर खिडकी, कोपऱ्यात मागचं दार, वर सामानाचा माळा आणि उजव्या भिंतीला टेकून बायकोची, सुलाबाईची, विड्या वळायची जागा. भिंतींवर खुंट्याच खुंट्या, आणि खुंटीगणिक कुणाचं ना कुणाचं घड्याळ. पाहुण्यांना त्या टिकटिकीत झोप लागायची नाही. भीमाप्पाला मात्र डोळे मिटून सांगता यायचं की कुठलं घड्याळ कुठल्या खुंटीवर आहे. त्यातलं एखादं थांबलं की त्याला जाग यायची.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका बाजारच्या दिवशी बेळगावच्या खासबागेतून एक बाई दुकानात आली. शालूबाई तिचं नाव, घर विणकराचं. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून तिनं जिवापाड जपून आणलेली वस्तू टेबलाच्या काचेवर ठेवली. तळहाताएवढा व्हिडिओ गेम होता, निळ्या पत्र्याचा, दोन बाजूंना दोन बटणं आणि वर खेळ सुरू करायचं एक बारकं.

"अण्णा, ह्यो चालू करून द्या. बेळगावात कुणी हात लावंना. माझ्या भावानं कुवेतवरनं आणलावता."

पत्र्यावरचं चित्र बघून भीमाप्पाला हसूच फुटलं. मिशाळ, ढेरपोट्या परदेशी आचारी! त्याचे तीन-चार विनोदी पिच्चर आले होते आणि दोन तर निपाणीच्या टॉकीजलाही लागले होते. भाषा कुणाला कळत नव्हती, पण आचारी घसरून पडला की अख्खं थेटर लोळायचं. सुलाबाईला तर उचकी लागली होती.

"कोण खेळतंय ह्यो? पोरं?"

"न्हाय. आमचं मालक खेळायचे, आण्णाप्पा. मागावरनं उठलं की ह्योच हातात."

"आणि आता?"

"आता बंद हाय न्हवं," शालूबाई म्हणाली. "लई दिवस बंद ठिवून चालायचं न्हाय, अण्णा."

तिनं हे अशा काही आवाजात सांगितलं की भीमाप्पा क्षणभर तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं वहीत नोंद केली आणि पुढच्या बाजारच्या दिवशी यायला सांगितलं.

२

बिघाड साधा निघाला. आतले बटणासारखे दोन सेल पाझरून पट्ट्यांवर हिरवट थर बसला होता. भीमाप्पानं तो खरवडला, स्पिरिटनं पुसला आणि ड्रॉवरमधले दोन वापरलेले सेल घातले. तीही त्याची पद्धत होती. चाचणीला अर्धे संपलेले सेल, नवे घालायचे ते वस्तू परत देताना.

सेल बसताच काचेवर सगळी चित्रं एकदम उमटली. आकड्यांच्या घड्याळातही तसंच होतं, सेल घातल्याघातल्या सगळे आठ दिसतात आणि मग पुसले जातात. ह्या जातीच्या काचेत नवीन काही उमटत नाही. जे आधीच छापलंय तेवढंच दिसणार, कधी हे तर कधी ते. आचारी डावीकडून उजवीकडं पळतो असं वाटतं, पण पळत कुणीच नसतं. चार आचारी चार जागी छापलेले असतात आणि एक विझला की दुसरा पेटतो.

गिऱ्हाईक मागून भांडू नये म्हणून भीमाप्पानं वहीत पेन्सिलीनं सगळी चित्रं काढून घेतली. खाली चार आचारी. वर चार खिडक्यांत चार वात्रट नातेवाईक. त्यांनी फेकलेल्या बशा, बारा. तीन बशा फुटल्या की लाटणं घेऊन दारात येणारी सासू, एक. झाले एकवीस.

बाविसावा माळ्यावरच्या एवढ्याशा खिडकीत होता. एक माणूस, एक पाय खाली सोडून, कसल्याशा लाकडी सांगाड्यापुढं वाकून बसलेला. भीमाप्पानं डोळ्याला भिंग लावलं. परदेशी आचाऱ्याच्या घरात हातमाग कशाला असेल? पेटी-बिटी वाजवत असेल कुणी, असं मनाशी म्हणत त्यानं आकडा लिहिला, बावीस.

आता राहिली एक दिवसाची चाचणी. घड्याळ खुंटीला अडकवलं की आपोआप चालतं, पण हे खेळल्याशिवाय चालणार कसं? नियम तर मोडायचा नव्हता. भीमाप्पानं पडदा सारला.

"अगं, विड्या ऱ्हाऊ देत जरा. ह्यो आपला आचारी आलाय बघ. खेळून बघ, कुटं अडकतंय काय."

"मला न्हाय जमायचं."

"दिवसाला हजार विडी वळतीस आणि दोन बटणं जमायची न्हाईत व्हय? आण ती बोटं हिकडं."

तिनं पदराला हात पुसले आणि खेळ घेतला.

३

पहिल्या दुपारी सुलाबाईच्या तीन बशा फुटल्या, सासू लाटणं घेऊन दारात आली आणि सुलाबाई इतकी हसली की दुकानातलं गिऱ्हाईक पडद्याकडं बघायला लागलं. लेक लग्न होऊन लोंढ्याला गेल्यापासून घरात असं कुणी हसलं नव्हतं. भीमाप्पाला फार बरं वाटलं. एक दिवस झाला, पण शालूबाई यायला अजून अवकाश होता. खेळू दे की, त्याचं काय जातंय?

दुसऱ्या दिवशी तिनं तीनशे बशा झेलल्या, तिसऱ्या दिवशी सातशे. विडी वळणारीची बोटं ती, चुकतील कशाला!

"अवं," चौथ्या दिवशी ती म्हणाली, "त्यो माळ्यावरचा माणूस कोण?"

"असंल कोण तरी. पिच्चरमधला."

"सगळी हलत्यात, त्योच हलत न्हाय. पर मी चुकले की माझ्याकडं बघतोय."

"काचेवरचं चित्र बघंल कसं? त्याला काय मान हाय काय वळवायला?"

"तेबी खरंच," असं म्हणून ती हसली.

ते हसणं ऐकताना भीमाप्पाच्या हातातला चिमटा थांबला. कालचं हसणं आणि आजचं हसणं मोजून तेवढंच लांब होतं. सुरुवात तीच, शेवट तोच. तीस वर्षं ज्यानं कानानं घड्याळं तपासली त्याला हे कळायचं राहत नाही. मग त्यानं स्वतःलाच दटावलं. बायको हसतीय, तर हसण्याचीसुद्धा चाचणी घेतोस व्हय रे!

४

पाचव्या दिवशी दुपारी त्याला एक जास्तीची टिक ऐकू आली.

खोलीत तेव्हा एकोणीस घड्याळं होती आणि एकोणीसही त्याच्या ओळखीची. ही विसावी त्यांच्यात बसत नव्हती. एकदाच वाजायची आणि थांबायची, मग बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. खेळ तर नुसताच त्याच्या टेबलावर पडला होता. त्यानं पडदा सारून आत बघितलं. सुलाबाई स्टोव्हपाशी वाकली होती.

टिक.

सुलाबाई खिडकीत उभी होती.

भीमाप्पानं डोळे चोळले. स्टोव्ह ते खिडकी म्हणजे चार पावलं. ती चार पावलं त्याला दिसलीच नव्हती. सारखं भिंग लावून डोळ्यांची वाट लागली आपल्या, आता बेळगावला जाऊन डोळे तपासून घ्यायला पाहिजेत, असं त्यानं ठरवलं. पण त्या संध्याकाळी तो तिच्यावरून नजर हटवू शकला नाही. ती स्टोव्हपाशी होती, खिडकीत होती, मागच्या दारात होती, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. ह्या चार जागा सोडून ती कुठंच नव्हती. वळलेल्या विड्यांचे कट्टे भिंतीशी रचलेले होते, आणि कारखान्यात ते पोचवायला ती चार दिवसांत घराबाहेर पडलीच नव्हती.

"अगं, बरं हाय न्हवं तुला?"

"मला काय धाड भरलीया?"

"भाईर न्हाय गेलीस कुटं."

"भाईर काय हाय?" सुलाबाईनं विचारलं. खरंच बाहेर काय असतं ते आठवत नसावं, अशा चेहऱ्यानं ती बघत होती.

भीमाप्पाच्या घरात भूत-भानामती चालत नव्हती. छप्पन सालानंतर बापानं देव्हारा उचलून बाहेर ठेवला, त्या जागी बुद्धाची तसबीर लावली आणि पोराला सांगितलं, डोळ्यानं बघायचं, हातानं तपासायचं, मग मानायचं. म्हणून सहाव्या दिवशी त्यानं तपासायचं ठरवलं. सुलाबाई मागच्या दारात असताना त्यानं तिच्या सुपातली तंबाखूची भुकटी मूठभर घेतली, दारापासून स्टोव्हपर्यंत जमिनीवर पातळ पसरली आणि आपण भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

टिक.

मागं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. तो वळला. सुलाबाई चहाचं आधण ठेवत होती. जमिनीवरची भुकटी जशीच्या तशी होती, एकसुद्धा पाऊल उमटलं नव्हतं.

"काय सांडलंय वं हितं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," भीमाप्पा म्हणाला. तो दुकानात येऊन स्टुलावर बसला.

५

बाजारच्या दिवशी सकाळी त्यानं खेळ उजेडात तिरपा धरला. काच अशी धरली की विझलेली चित्रंही पुसट दिसतात, सेल काढावे लागत नाहीत. शेजारी वही उघडली आणि पेन्सिलीचं टोक एकेका चित्रावर ठेवत तो मोजायला लागला.

सव्वीस भरली.

त्यानं पुन्हा मोजलं. आधीची बावीस जागच्या जागी होती. नवी चार बाईची होती. एका ठिकाणी ती वाकलेली, एका ठिकाणी खिडकीत, एका ठिकाणी दारात. चौथ्या ठिकाणी ती मांडी घालून बसली होती आणि मांडीवर सूप होतं. परदेशात सूप कुठून आलं? आपणच मोजताना चुकलो असू, असं म्हणावं तर वही समोर होती. चित्र काढण्यात तो कधी चुकला नव्हता. सासऱ्याच्या घड्याळावरचा बारीक चरासुद्धा त्या वहीत सापडला असता.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. काचेवरची काळी रेघ फिकी पडली होती. सेल उतरत आले होते.

सेल काढून टाकावेत! हा विचार आला आणि हात आपोआप झाकणाकडं गेला. खेळच बंद केला की भानगड संपली. झाकणावर नख ठेवलं आणि तो थांबला, कारण आत सुलाबाई स्टोव्हपाशी होती आणि पडद्याच्या फटीतून तिच्या अंगाआडची भिंत दिसत होती. तसबिरीची चौकट, खुंटीवरचं घड्याळ, त्याचे काटे. नऊ वाजून दहा मिनिटं झालेली तिच्या पाठीतून वाचता येत होती.

"अण्णा," दुकानाच्या पायरीवरून शालूबाईनं हाक मारली. "झालं काय वं आमचं काम?"

६

तिनं खेळ हातात घेतला, माळ्यावरच्या खिडकीवर अंगठा ठेवला आणि तिचे डोळे भरून आले.

"हायत," ती म्हणाली. "बसल्यात आपलं."

"कोण बसल्यात? बाई, काय ते सरळ सांगा. माझं डोकं फिरायची पाळी आलीया."

"मलाबी सगळं म्हायती न्हाय, अण्णा. ज्या दिवशी ह्यो बंद पडला त्या दिवशी मालक मागावर बसलं हुतं. मी च्या घेऊन गेले. माग हुता. धोटा अजून हलत हुता, मालक नव्हतं." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. मग तिची नजर काचेवर खाली सरकली. "आणि ह्या बाई कोण? ह्या पयल्या नव्हत्या."

आत टिक वाजली. शालूबाईनं पडद्याकडं बघितलं, मग भीमाप्पाकडं बघितलं.

"घरात कुणाला खेळाय दिलासा काय?"

भीमाप्पानं मान हलवली. नियम सांगायला त्याला तोंड नव्हतं.

"अगं आई गं!" शालूबाई मटकन पायरीवर बसली. "माझंच चुकलं. मी सांगाय पायजे हुतं. पर काय म्हणून सांगू? येड्यात काढलं असतं सगळ्यांनी."

रस्त्यावरून बाजाराच्या गाड्या चालल्या होत्या. ती हा खेळ न्यायला आली होती, नवऱ्याला न्यायला आली होती. आणि आता तो तिनं नेला तर सुलाबाईचं काय व्हायचं, हे दोघांनाही कळत होतं. भीमाप्पाला लाज वाटली, पण तिच्या हातातल्या खेळावर त्यानं हात ठेवला होता आणि तो काढायची त्याची तयारी नव्हती.

"सेल उतरल्यात," तो म्हणाला. "मी जुनंच घातलं हुतं."

शालूबाईनं पदराची गाठ सोडली. आत कागदात गुंडाळलेले दोन नवे सेल होते.

"आदी हे घाला. न्यायचं मागनं बघू."

७

सेल बदलायचे म्हणजे जुना काढून नवा घालेपर्यंत खेळ मरणार. दोन टिकांएवढाच वेळ, पण भीमाप्पाला तेवढाही द्यायचा नव्हता. त्यानं केसासारख्या दोन तारा घेतल्या. नवे सेल बाहेरून जोडायचे, ते धरून ठेवायचे आणि मग जुने काढायचे. आत सुलाबाई कुठल्या जागी आहे हे बघायचं त्यानं टाळलं.

एक तार बसली. दुसरी पट्टीला लावताना काचेवरची रेघ आणखी फिकी झाली, राखाडी झाली, आणि विझली.

आतला स्टोव्ह भर्रर्र चालूच होता. एकोणीस घड्याळं चालू होती.

"सुले?" त्यानं हाक मारली. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो तिला असं म्हणायचा. "सुले, अगं!"

कुणी ओ दिली नाही. त्यानं तारा फेकल्या, नखानं जुने सेल उपसले आणि नवे खाचेत दाबले. आणि मान वर केली. शालूबाईनं पडदा पुरता सारला होता.

खोलीत सगळं एकदम होतं. सुलाबाई स्टोव्हपाशी वाकली होती, सुलाबाई खिडकीत उभी होती, सुलाबाई मागच्या दारात होती, सुलाबाई मांडीवर सूप घेऊन बसली होती. चौघी काळ्याभोर, चौघी निश्चल. वर माळ्याच्या अंधारात कुणीतरी एक पाय खाली सोडून वाकलं होतं, आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर हातात काहीतरी धरलेली आणखी एक आकृती होती, तिच्याकडं बघायचा भीमाप्पाला धीर झाला नाही.

मग सगळं पुसलं गेलं. खोली रिकामी होती. स्टोव्हवर आधण उतू चाललं होतं.

भीमाप्पानं खाली बघितलं. काच कोरी होती, कोपऱ्यात बाराचा आकडा तेवढा उघडमीट करत होता. खेळ सुरू करायचं बटण कुणीतरी दाबायची वाट बघत होता.

"दाबा," शालूबाई कुजबुजली. "मला न्हाय जमायचं, अण्णा. त्या दिवशी मीच खेळत हुते. दोन बशा फुटल्या हुत्या माझ्या. तिसरी फुटायच्या आदी ह्यो बंद पडला, म्हणून निदान ह्यात तरी ऱ्हायल्यात, आसं वाटतंय मला."

भीमाप्पा आजवर एकदाही हा खेळ खेळला नव्हता. त्याची बोटं हळू चालायची, एका चाकाला अर्धा तास लावणारी बोटं ती. त्यानं दोन्ही अंगठे बटणांवर ठेवले, आणि खेळ सुरू केला.

टिक. आचारी डावीकडं उभा राहिला, मिशीतल्या मिशीत हसत.

माळ्यावरून खट्क आवाज आला, मागाचा. शालूबाईनं हुंदका दिला आणि दाराची चौकट धरली. आत कुणीतरी उतू जाणारं आधण उतरवलं.

"अवं," सुलाबाईचा आवाज आला, रोजचा, स्वच्छ. "च्या घेता न्हवं? पाव्हण्याबाई आल्यात जनू."

वरच्या खिडकीतून पहिली बशी सुटली होती. भीमाप्पानं आचारी तिच्याखाली नेला. बशी झेलली गेली. लगेच दुसरीकडून दुसरी सुटली.

"आण," तो म्हणाला.

बांगड्या वाजल्या. पावलं वाजली नाहीत. टेबलावर, त्याच्या कोपराशी, कप ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिच्या अंगाला नेहमी येणारा तंबाखूचा वास आला. ती तिथंच उभी होती. तिच्या लुगड्याचा काठ त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता.

"बघा की जरा माझ्याकडं," सुलाबाई म्हणाली.

तिसरी बशी निम्म्यावर आली होती. भीमाप्पानं वर बघितलं नाही.